चढती बोली आणि खोटी बोली

‘लिलाव’ हा शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आला, व त्यांनीं तो अरबांपासून घेतला असें व्युत्पत्तिकार मानतात. तेव्हां या व्यवहाराविषयीं इस्लामी धर्मशास्त्राचे निर्णय काय आहेत, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हदीस-ग्रंथांत अनस यांच्या नांवें एक कथा आहे. एक दरिद्री अन्सारी मनुष्य पैगंबरांकडे याचनेस आला. घरीं काय आहे असें विचारतां एक जाडेंभरडें वस्त्र व पाण्याचा पेला, एवढेंच निघालें. पैगंबरांनीं त्या वस्तू हातीं घेऊन गिऱ्हाईक विचारिलें. एकानें एक दिरहम देऊं केला. ‘याहून अधिक कोण देतो?’ असें दोन-तीनदां विचारल्यावर दुसऱ्यानें दोन दिले. एकाचें धान्य घरीं गेलें, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. तिला दांडा पैगंबरांनीं स्वहस्तें बसविला. पंधरा दिवस लाकडें विकून तो मनुष्य दहा दिरहम मिळवून परतला. कित्येक हदीस-पंडित या कथेची परंपरा दुर्बल मानतात. तथापि चढत्या बोलीची विक्री बहुतेक शास्त्रकारांस मान्य आहे.

परंतु दुसऱ्याच्या सौद्यावर सौदा करूं नये, असाही स्पष्ट निषेध आहे. मग बोलीवर बोली कशी चालेल? शास्त्रकार म्हणतात, तो निषेध विक्रेत्याचें मन एका ग्राहकाकडे वळल्यानंतरचा. लिलावांत त्यानें अद्याप कोणासच रुकार दिलेला नसतो. विषयभेदानें विरोधपरिहार करण्याची ही रीत आमच्या मीमांसकांसही परकी वाटणार नाहीं.

खरें पाप ‘नज्श’ हें होय. शिकार उठविणें, हा या शब्दाचा मूळ अर्थ. घेण्याचा हेतु नसतां केवळ दुसऱ्यास भुलविण्यासाठीं किंमत चढविणें निषिद्ध, याविषयीं दुमत नाहीं. मतभेद आहे तो फसलेल्या ग्राहकाविषयीं. हनफी व शाफिई पंथांच्या मतें विक्री कायम राहते. पाप मात्र खोटी बोली करणाऱ्यास. विक्रेता कटांत सामील असल्यास मालिकी पंथ ग्राहकास वस्तु परत करण्याची मुभा देतो; हंबली पंथ नुकसान अवाजवी असेल तर देतो. आम्हांस मालिकी मत अधिक पटतें. पाप कोणाच्याही माथीं गेलें, तरी ग्राहकाचें द्रव्य त्यायोगें परत येत नाहीं.

कौटिल्याचा उपाय याहून निराळा. जकातनाक्यावर मालाचा भाव तीनदां पुकारावा, आणि ग्राहकांच्या चढाओढीनें वाढलेलें मूल्य राजकोशांत जावें, असें तो सांगतो. खोट्या बोलीचा विक्रेत्यास लाभच उरत नाहीं. पण खऱ्या बोलीचाही नाहीं! त्या हिशेबानें अन्सारी मनुष्याची कुऱ्हाड राजकोशांतच गेली असती.