अंगात मुरलेली भीती

जवळच्याच माणसाने वर्षानुवर्षं मारलं, घालूनपाडून बोललं किंवा नुसतंच झिडकारलं, तर त्यातून उठायचं कसं? आपल्याकडे उत्तरं तयार असतात. वडीलधारी सांगतात, झालं गेलं गंगेला मिळालं. शिकलेली मंडळी म्हणतात, कुणापाशी तरी मन मोकळं कर. शरीर दोन्हीकडे गैरहजर. त्यामुळे श्वास, हालचाल, अंगातल्या संवेदना यांच्या वाटेने मानसोपचार करणारा कुणी भेटला की भुवया उंचावतात. मनाचं दुखणं खांदे फिरवून कसं जाणार?

हा संशय उगाच आलेला नाही. या परंपरेचा मूळपुरुष विल्हेल्म राइख. दडपलेल्या भावना स्नायूंच्या ताठरपणात दिसतात, हे फ्रॉइडच्या या शिष्याने नेमकं हेरलं. पण पुढे अमेरिकेत तो 'ऑर्गोन' नावाची वैश्विक ऊर्जा साठवणाऱ्या पेट्यांच्या नादी लागला. कोर्टाची बंदी मोडल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९५७ साली तो तुरुंगातच वारला. पेट्या गेल्या, वृत्ती राहिली. 'कमरेत साठलेला आघात दोन दिवसांत मोकळा करा' छापाच्या जाहिराती तिच्याच पोटच्या. धोका आणि सुरक्षितता यांना मज्जासंस्था कसा प्रतिसाद देते हे मांडणारा स्टीफन पोर्जेस यांचा पॉलिव्हेगल सिद्धान्त अशा ठिकाणी वेदवाक्यासारखा सांगतात. त्यातल्या शरीरशास्त्रीय दाव्यांवर संशोधकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत, हे मात्र सहसा सांगत नाहीत.

पण भोंदू निघाले म्हणून विद्या खोटी ठरत नाही. जिन्यावरच्या पावलांवरून बाप आज कसा आलाय हे ओळखायला शिकलेली मुलगी मोठी होते, नोकरीला लागते. साहेबाने जरा आवाज चढवला की तिच्या पोटात गोळा येतो. हा आपला बाप नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्या ठाऊक असण्याला पोट भीक घालत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास इथे बारकाईने पाहावा. उपचारांना दाद न देणारा, जुना आघातोत्तर विकार असलेल्या ६४ स्त्रिया. दोन गट, आठवड्याला एक तास, दहा आठवडे. एका गटाला आघातग्रस्तांसाठी बेतलेला योग, दुसऱ्यात स्त्रियांच्या आरोग्याविषयी माहिती आणि एकमेकींचा आधार. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी विकाराच्या निकषांबाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २९ पैकी ६. चर्चा होते ती एवढ्याचीच. खरी गंमत पुढे आहे: सुरुवातीला दुसऱ्या गटालाही चांगलाच उतार पडला होता, पण तो टिकला नाही. नुसत्या सोबतीनेही बरं वाटतं. शरीराला सामील करून घेतलं तेव्हा ते टिकलं. ६४ जणींच्या अभ्यासावर इमले बांधू नयेत, हे खरंच. तरी 'बोललं की झालं' म्हणणाऱ्यांना तो विचारात पाडायला पुरेसा आहे.

मग आसनांनीच भागतं की काय? तसं असतं तर गल्लोगल्लीच्या योगवर्गांतून आघात केव्हाच हद्दपार झाले असते. आघातग्रस्तांसाठीच्या या योगपद्धतीत शिक्षिका अंगाला हात लावून आसन दुरुस्त करत नाही. 'वाटलं तर हात वर घ्या, नको वाटलं तर राहू द्या,' असं सांगते. कुणी हात खालीच ठेवला तर रागावत नाही, समजूतही घालत बसत नाही. जिच्या 'नको'ला घरात कधी किंमत नव्हती, तिच्या बाबतीत आसनाइतकंच काम हे वागणं करत असावं. तंत्र आणि नातं वेगळं काढून विकणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते.

आपल्याकडेही शरीराच्या वाटेने असं काम चालतं. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांची 'कोलकाता संवेद' ही संस्था २००४ पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्य आणि हालचालीतून काम करते. 'नाचगाण्याने काय होणार?' हा सवाल इथेही येतोच. इथल्या काही मुली पुढे स्वतः प्रशिक्षक होऊन इतर मुलींना शिकवू लागल्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने याच संस्थेबरोबर नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रमही चालवला.

तेव्हा शनिवार-रविवारच्या कार्यशाळेला पैसे भरणाऱ्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात. मधेच 'हे मला नको' म्हटलं तर चालेल का? आणि बुधवारी मध्यरात्री अंगाला कापरं भरलं, तर फोन कोण उचलणार?