सही होण्याआधी करार मागा



रस्ता असो, बसस्थानक असो की पाणीयोजना, 'खासगी भागीदारीतून' असा प्रस्ताव तुमच्या पालिकेच्या विषयपत्रिकेवर आला असेल तर हातातली कामं बाजूला ठेवा आणि हे वाचा. असा विषय बऱ्याचदा ऐनवेळी येतो, चर्चेविना मंजूर होतो आणि पुढची तीस वर्षं आपण पैसे भरत बसतो.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शहरातले सुमारे 49 किलोमीटर रस्ते, 220 कोटींचा प्रकल्प, 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' आणि 30 वर्षं टोल. करार झाला तेव्हा फारशी कुरबूर नव्हती. शिरोली, फुलेवाडीला नाके उभे राहिले, स्वतःच्याच गावात शिरायला पावती फाडावी लागणार हे दिसलं, तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं. टोलविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे घराघरांतून माणसं आली. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. काम किती झालं, दर्जा काय, ही मोजदाद पहिली पावती फाटण्याआधीच वाद उरणार नाही अशी व्हायला हवी होती. डिसेंबर 2015 मध्ये टोल गेला, पण कंपनीची देणी सरकारी तिजोरीवर आली. तिजोरी कोणाची, ते सांगत नाही.

मुंबईत वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचा करार 2007 चा. त्यात सुरुवातीचं तिकीट 9 ते 13 रुपये होतं. जून 2014 मध्ये गाडी धावायची वेळ आली तेव्हा कंपनीनं 10 ते 40 रुपये सांगितले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. वाद कशावर? दर ठरवायचा अधिकार कोणत्या कायद्यानं कोणाचा, यावर! मेट्रो आज खच्चून भरून धावते, लोकांच्या सोयीची आहे. म्हणूनच वाईट वाटतं, हा घोळ कागदावरच निस्तरता आला असता.

खासगी कंपनी आली म्हणजे लूट झाली, असं माझं म्हणणं नाही. तिनं नफा जरूर कमवावा. पण खासगी भागीदारीचा आढावा घेणाऱ्या विजय केळकर समितीनं 2015 मध्ये हेच बजावलं होतं की, जी जोखीम ज्याला पेलता येते ती त्याच्याच माथी असावी. जमीन आणि परवानग्या सरकारनं वेळेत द्याव्यात, बांधकामातली दिरंगाई कंपनीनं सोसावी. वाहनांचा अंदाज चुकला तर काय? जास्त गाड्या आल्या तर वसुलीची मुदत कमी होणार का? गाड्या कोण मोजणार, कंपनी की त्रयस्थ? मध्येच करार मोडला तर भरपाई कशी काढणार? याची उत्तरं करारात नसतील तर ती पुढे कोर्टात शोधावी लागतात, आणि तोवर टोल चालूच राहतो.

तेव्हा आजच करारनाम्याचा मसुदा मागा, मराठीतून मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवस लागतात, तोवर सभा होऊन जाईल. म्हणून अर्ज टाकाच, पण नगरसेवकालाही गाठा. नगरसेवकांऐवजी प्रशासक असेल तर थेट आयुक्तांकडे जा. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार देतील. माहिती अधिकार कायद्याच्या ज्या कलम 8 चा आधार घेतील, त्यातच व्यापक जनहिताचा अपवाद आहे, तो अर्जातच लिहा. हरकत तोंडी नको, लेखी द्या. आणि आवक विभागाचा शिक्का व क्रमांक आपल्या प्रतीवर पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.