डोकं घरी ठेवून कशाला जायचं?

मागच्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता गाडी नेहमीप्रमाणे पिक्चरवर आली. मी अलीकडे काय काय पाहिलं ते सांगत होतो. एक शार्कचा, एक गॉडझिलाचा, एक राजधानी एक्सप्रेसमधल्या खूनखराब्याचा, एक भुताचा. काका (नाव घेत नाही, ते हे वाचतात) म्हणाले, "तुझं वय काय आणि तू बघतोस काय!" त्यावर माझी बाजू घ्यायला म्हणून आतेभाऊ धावून आला. "अहो काका, असे पिक्चर डोकं घरी ठेवून बघायचे असतात. तरच मजा येते."

काकांचा मला राग आला नाही. त्यांचं ते चाळीस वर्षं चालू आहे. राग आला तो आतेभावाचा. म्हणजे माझा वकीलच कोर्टात उठून म्हणाला, "माझ्या अशिलाला अक्कल नाही, हे मान्य आहे, पण त्याला माफ करा." तिथे पाहुण्यांसमोर भांडता येईना, म्हणून इथे भांडतो. बाळ्या, वाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की "डोकं बाजूला ठेवून बघा" हे वाक्य मारधाडीच्या आणि भुतांच्या पिक्चरांचं सगळ्यात जास्त नुकसान करतं. काकांसारखे लोक नाकं मुरडतात त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आपल्यासारख्या आवडीने बघणार्‍यांनी हे वाक्य म्हटल्यामुळे. कारण ते ऐकून पिक्चर बनवणारेसुद्धा डोकं घरी ठेवून कामावर जायला लागतात. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेतात. पॉपकॉर्नचे तर विचारूच नका.

उदाहरण देतो. 'मेग २' (२०२३). जेसन स्टॅथम मला आवडतो. टक्कल असूनही माणूस इतका रुबाबदार दिसू शकतो ह्याचा मला व्यक्तिशः आधार वाटतो :-) तर ह्या पिक्चरमध्ये मंडळी समुद्राच्या तळाशी, पंचवीस हजार फूट खोल जातात. खास पोशाख घालून, कारण पाण्याचा दाब भयंकर. हे पिक्चरच आपल्याला सांगतो. ठीक. मग एका जागी अडकल्यावर आपला हिरो नाकातल्या पोकळ्यांमध्ये पाणी भरून घेतो आणि पोशाख न घालताच बाहेर पोहत जातो! आणि येतो!

आता, मी प्रागैतिहासिक शार्क मान्य केला होता. एक नाही, तीन-चार. तो जेट स्कीवर बसून त्यांच्यामागे भाला घेऊन लागतो तेही मी टाळ्या वाजवून पाहिलं असतं. पण ज्या दाबाची भीती तुम्हीच मला दहा मिनिटं घातलीत, तो दाब तुम्हीच पुसून टाकलात, तर पुढे मी घाबरायचं कशाला? शार्कने गिळलं तरी तो नाकात पाणी भरून परत येईल. पुढचा सगळा पिक्चर मी निवांत बसून मोबाईलवर मेसेज पाहिले.

त्याच वर्षीचा 'गॉडझिला मायनस वन' घ्या. जपानी पिक्चर. खर्च दीड कोटी डॉलरपेक्षा कमी, म्हणजे वरच्या शार्कच्या तुलनेत चणे-फुटाणे. स्पेशल इफेक्टवाली माणसं पस्तीस. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच त्या विभागाचा प्रमुख. २०२४ साली त्याला त्याच इफेक्टसाठी ऑस्कर मिळालं, आणि गॉडझिलाच्या सत्तर वर्षांत ते कुठल्याच गॉडझिलाला मिळालं नव्हतं. तर इथेही पाण्याचा दाबच आहे. युद्धात हरलेला जपान, सैन्य नाही, सरकार हात वर करून बसलेलं. उरलेसुरले नौदलातले लोक आणि एक शास्त्रज्ञ मिळून बेत करतात. गॉडझिलाभोवती गॅसच्या टाक्या बांधायच्या, फुग्यांचा फेस उठवायचा, म्हणजे पाणी त्याला तोलून धरणार नाही आणि तो दगडासारखा खाली जाईल. दीड हजार मीटर. तिथल्या दाबाने मेला तर मेला. नाही मेला तर फुगे फुगवून झटकन वर ओढायचा, म्हणजे दाब अचानक उतरल्याने मरेल.

हे शास्त्राला धरून किती आहे ते मला विचारू नका, मी बी.कॉम. आहे. पण साधारण दर दहा मीटरला हवेच्या एका दाबाइतका दाब वाढतो, हे शाळेत शिकलोय. दीड हजार मीटरला दीडशे पट. त्या प्राण्याच्या अंगावर किती बसेल ह्याचा विचार कुणीतरी टेबलावर कागद घेऊन केलाय, हे बघताना जाणवतं. आणि म्हणून टाक्या बांधलेली ती दोन जहाजं त्याला वळसा घालायला लागतात तेव्हा हाताच्या मुठी आपोआप आवळल्या जातात. त्यात तो शास्त्रज्ञ आदल्या दिवशी सगळ्यांना सांगतो, की ह्या देशाने माणसाच्या जिवाची किंमत फार कमी केली. विमानांना वैमानिक बाहेर पडेल अशी खुर्चीसुद्धा दिली नाही. ह्या वेळी कुणी मरायचं नाही. राक्षसाच्या पिक्चरमध्ये हे! डोकं घरी ठेवून गेलो असतो तर हे कुठे ठेवलं असतं?

बाबांबद्दल सांगायलाच हवं, कारण मूळ राग तिथला आहे.

बाबा पिंपरीला पंप बनवणार्‍या एका कंपनीत फिटर होते. पंपाची दाब-चाचणी हे त्यांचं काम. इंग्रजी येत नव्हतं, आणि इंग्रजी पिक्चरचं वेड. रविवारी सुट्टी असली की मला घेऊन अलका टॉकीज. नाहीतर कॉलनीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे, रात्रभर तीन कॅसेट. तसाच आम्ही 'डाय हार्ड' (१९८८) पाहिला. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. खाली अक्षरं नाहीत, काही नाही. त्यात सुरुवातीला ब्रूस विलिस बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळत फिरतो. मग गोळीबार सुरू होतो आणि बूट राहतात ते राहतातच. पुढे तासाभराने व्हिलन काचा फोडायला लावतो आणि हा अनवाणी. सगळी कॉलनी नुसती ओरडत होती. बाबा शांतपणे म्हणाले, "मघाशी बोटं दाखवली ना, ती ह्यासाठी."

एक शब्द न कळता त्यांनी पिक्चरचा सांगाडा धरला होता. एखादा पंप उघडून बघावा तसा. कुठला नट कुठे बसवलाय, कशासाठी, तो ढिला आहे की घट्ट. 'स्पीड' (१९९४) पाहून आल्यावर ते दोन दिवस खूष होते. बसचा वेग ताशी पन्नास मैलांच्या खाली आला की स्फोट, बस्स, एवढंच. "एकच माप दिलं आणि शेवटपर्यंत पाळलं," म्हणाले. ('स्पीड'चा दिग्दर्शक यान द बॉन्ट हा 'डाय हार्ड'चा कॅमेरामन होता, हे मला बर्‍याच वर्षांनी कळलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "वाटलंच.")

आणि ह्याच माणसाबद्दल त्या वेळी घरात काय बोललं जायचं? "त्याला काय, मारामारी असली की झालं." हे काकाच. ते प्राध्यापक, फिल्म सोसायटीचे सभासद, दिवाळीला आले की एखाद्या युरोपियन पिक्चरवर अर्धा तास बोलायचे. बाबा ऐकून घ्यायचे. एकदा बाबांनी काहीतरी विचारलं तर काका हसले आणि म्हणाले, "अरे ते तुझ्या कामाचं नाही, त्याला डोकं लागतं." बाबा उठून पाणी आणायला गेले. मी तिथेच बसलो होतो. नववीत होतो.

काकांचं "डोकं लागतं" आणि आतेभावाचं "डोकं घरी ठेवा" ही एकाच नाण्याची छाप आणि काटा आहे. दोघांचंही म्हणणं हेच, की असले पिक्चर आवडणार्‍या माणसाला विचार करता येत नाही. एक तुच्छतेने म्हणतो, दुसरा प्रेमाने. मला दुसरा जास्त लागतो.

बरं, फक्त परदेशीच चांगले असंही नाही. 'किल' (आपल्याकडे २०२४ ला आला, दिग्दर्शक निखिल नागेश भट). रांचीहून दिल्लीला जाणारी राजधानी, डब्यात दरोडेखोर, आणि सुट्टीवरचा एक कमांडो. संपली गोष्ट. पण डबा किती अरुंद असतो हे आपल्याला माहीत आहे ना? दोन माणसं समोरासमोर आली की एकाला आडवं व्हावं लागतं. ह्या पिक्चरमधली प्रत्येक मारामारी त्या बोळातली आहे. बर्थ, पडदे, संडासाचं दार, आग विझवायचं नळकांडं, जे हाताला लागेल ते. आणि मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. दरोडेखोर सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत. हिरोने एकाला मारलं की पलीकडे त्याचा काका रडतो, भाऊ रडतो. आजवर हिंदी पिक्चरमध्ये मेलेल्या गुंडाला कुणी रडलेलं पाहिलंय का तुम्ही? मेला की कडेला. इथे अर्ध्यावर पिक्चरचं नाव पडद्यावर येतं आणि त्यानंतर मला कळेना की मी घाबरायचं कोणाला. हे बिनडोक आहे म्हणता?

याउलट 'टेकन ३' (२०१४). लियम नीसन एका जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो. पाच-सहा सेकंदांच्या त्या उडीत डझनभराहून जास्त वेळा दृश्य कापलंय. हात, पाय, जाळी, परत पाय... उडी मारली की जाळीत अडकला तेच समजत नाही. त्याच्यानंतर वर्षभरात आलेल्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्येही कापाकापी भरपूर आहे, पण बघायची गोष्ट कायम पडद्याच्या मधोमध ठेवलीय, त्यामुळे डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेलबाईंना त्या संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

भुतांच्या पिक्चरला तर नियम अजूनच लागतात. नारायण धारप वाचत मोठे झालेल्यांना हे सांगायला नको. 'तुंबाड'मधला हस्तर का भितो, कशाने भुलतो, पिठाच्या रिंगणाचं काय, किती वेळात बाहेर पडायचं, सगळं नीट घालून दिलंय. म्हणूनच शेवटी बापलेकांना जास्त हाव सुटते तेव्हा पोटात गोळा येतो, कारण हिशेब कुठे चुकला ते आपल्यालाही कळलेलं असतं. २०१८ मध्ये तो थिएटरात फारसा चालला नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला. परत आलेले ते सगळे लोक काय डोकं घरी ठेवून आले होते? 'मुंज्या' (२०२४) मला अर्धाच आवडला. कोकणातला भाग झकास. सोडमुंजीच्या आत मेलेला पोर आणि त्याचा तो लग्नाचा हट्ट, हे भूत आपल्या घरातलं आहे. नंतर मात्र कॉम्प्युटरवरचं बाहुलं फार उड्या मारतं. असो.

तर बाळ्या, यापुढे माझी बाजू घ्यायची असेल तर अशी घेऊ नकोस. "वाईट आहे, पण मजा आली" म्हण. ते मला चालतं, मीही पुष्कळ वेळा म्हणतो. पण जो पिक्चर चांगला आहे त्याला चांगला म्हण, आणि का ते सांग.

परवा बाबांना 'गॉडझिला' दाखवला. आता ७८ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण ह्या पिक्चरला तसंही खाली अक्षरंच वाचायची होती. ती वाचायला वेळ पुरेना, म्हणून त्यांनी वाचणं सोडून दिलं. टाक्यांचा बेत सुरू झाला तसे पुढे सरकून बसले. दीड हजार मीटर म्हटल्यावर मी आवाज चढवून सांगितलं, "दीडशे पट दाब!" ते म्हणाले, "गप, कळतंय मला." नंतर मी 'मेग २'मधला नाकात पाणी भरायचा प्रकार सांगितला तर इतके हसले की ठसका लागला.

त्यात एक मेकॅनिक आहे. सुरुवातीला वैमानिकावर भयंकर चिडलेला असतो, शेवटी त्याचंच विमान दुरुस्त करून देतो. विमानात तो काय बसवतो ते सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांची मजा जाईल. बाबांनी तेवढा भाग परत लावायला सांगितला. दोनदा पाहिला. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "फिटर शहाणा होता. काकाला दाखव हा."

पुढच्या रविवारी काकांना जेवायला बोलावलंय.