शिधा दिला, सरपण कोण देणार?

भुकेल्याच्या हाती तांदूळ पडला की मदत पोहोचली, असे मानायची सवय मदतयंत्रणांना जडली आहे. तो शिजवायचा कशावर, हे कोणी विचारत नाही. बांगलादेशातल्या कॉक्स बझारमध्ये ते वेळेवर विचारले गेले नाही आणि किंमत डोंगरांनी मोजली.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित म्यानमारमधून तिथे आले. तिथल्या कुतुपालाँगच्या टेकड्या कापून, हत्तींच्या जुन्या वाटांवर बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. शिधा मिळू लागला. सरपण मात्र ज्याचे त्याने शोधायचे होते. तेव्हाच्या अंदाजानुसार रोज सुमारे ७०० टन लाकूड चुलीत जात होते. झाडे संपल्यावर लोकांनी मुळेही उपटली. मग वाळूमिश्रित माती धरून ठेवणार कोण? त्यात पाऊस कोकणाच्या तोडीचा. दरडी कोसळू लागल्या, हत्तींच्या पायाखाली माणसे मेली. ‘निर्वासितांनी जंगल खाल्ले’ अशी ओरड झाली. कोरडा तांदूळ वाटणाऱ्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही.

२०१८च्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी गॅस सिलिंडर वाटायला सुरुवात केली. लाकडाची गरज झपाट्याने घटली, बायका-मुलांची रानातली पायपीट कमी झाली, लागवड केलेले उतार पुन्हा हिरवे दिसू लागले. उपाय इतका साधा होता. उशीरच अक्षम्य होता.

निवाऱ्याचे दुखणे मात्र कायम आहे. निर्वासित इथेच मुक्काम ठोकतील या धास्तीने बांगलादेश सरकार पक्के बांधकाम करू देत नाही. २२ मार्च २०२१ रोजी त्याच बांबू-ताडपत्रीने पेट घेतला. किमान १५ जण दगावले, सुमारे ४५ हजार बेघर झाले. वसाहतीभोवतीच्या काटेरी तारांनी पळणाऱ्यांची वाट अडवली. चारच महिन्यांनी तिथे पूर आला, दरडी कोसळल्या. दहा लाखांचा भार सोसणाऱ्या गरीब देशाची अडचण खरी आहे. पण तारेच्या कुंपणाचे समर्थन तिच्या आधारे करता येत नाही.

आता अमेरिकेसह बड्या देणगीदारांनी हात आखडता घेतला आहे. अशा वेळी गॅस आणि उतारांवरची लागवड ‘पर्यावरण’ या सदरात टाकून आधी छाटण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. कॉक्स बझारमध्ये सिलिंडर हा शिध्याचाच भाग आहे; त्याचा खर्चही अन्नाच्या खात्यावरच मांडला जावा. बांगलादेशाने पक्का नाही, तरी निदान वारा-आगीत टिकेल असा निवारा बांधू द्यावा आणि तारा पावसाळ्यापूर्वी काढाव्यात.