‘बोअर गेलाय, साहेब!’

आमच्या स्कूटरची किक हलकी झाली, तेव्हा घरात ती आनंदाची बातमी मानली गेली. वडिलांनी १९८४ साली घेतलेली ही टू-स्ट्रोक स्कूटर. नंबर लावून इतकी वर्षं वाट पाहिली होती, की गाडी दारात आली त्या दिवशी पेढे वाटले गेले. एवढ्या वर्षांत तिने माझ्या पोटरीला जेवढा व्यायाम दिला, तेवढा शाळेच्या पी.टी.च्या मास्तरांनाही जमला नव्हता. आणि आता पाय नुसता ठेवला तरी किक खाली जाऊ लागली! “अगदी मऊ झाली हो! आता मीसुद्धा मारीन,” सौ. म्हणाली. तिने मारलीही. मीही मारली. दोघांनी मिळून चाळीसेक मारल्या, गाडी आडवी करून झाली, प्लग पुसून झाला. गाडी ढिम्म.

वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, “व्हॉल्व्ह गेले असणार.” काकांविषयी मला आदर आहे, पण चेतक, प्रिया, लॅम्ब्रेटा या गाड्यांच्या सिलिंडरच्या डोक्यावर फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतातच. भिंतीत खिडक्या असतात; पिस्टन वर-खाली होताना त्यांची उघडझाप करतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचा माल दाबतो, आणि तो दाब म्हणजे कॉम्प्रेशन. निरोगी इंजिन किकला उलटून ढोसतं. आमचं इंजिन कवळी काढलेल्या म्हाताऱ्यासारखं नुसतं ‘फुस्स’ म्हणत होतं.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने हाताने एकदा किक दाबली आणि गाडीऐवजी माझ्याकडे बघून सांगितलं, “बोअर गेलाय, साहेब. हाफ इंजिन करावं लागेल.”

माझा झगडा या वाक्याशी आहे. ताप आलाय म्हटल्याबरोबर डॉक्टरने ‘पोट उघडू या’ म्हटलं, तर आपण त्याच्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. मेकॅनिकने म्हटलं, की आपण विचारतो, “कधी मिळेल?” मीही तेच विचारलं.

बोअर झाला. सिलिंडर लेथवर गेला, केसभर मोठा पिस्टन आला, नव्या रिंगा आल्या, बिल आलं. किक मात्र होती तशीच मऊ. “नव्या रिंगा आहेत, बसू द्या. पाचशे किलोमीटर चालवा.” आता चालू होत नाही ती गाडी पाचशे किलोमीटर चालवायची कशी, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. ढकलत, उतारावर सोडत, सोसायटीच्या पोरांना चॉकलेटं देत मी कसेबसे तीनशे गाठले. मग फर्मान निघालं, “क्रँक काढावा लागेल.”

तेव्हा मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या एका दुकानात क्रँकची किंमत विचारायला गेलो. स्टुलावर एक म्हातारे मिस्त्री चहा पीत बसले होते. त्यांनी किंमत सांगितली नाही, विचारलं, “साबणाचं पाणी लावलं का?”

मला वाटलं, गाडी धुतली का म्हणून विचारतायत.

रविवारी ते घरी आले. वरचं पत्र्याचं कव्हर काढलं, दाढीच्या ब्रशने (माझ्या!) हेडच्या सांध्याला साबणाचं पाणी फासलं, इग्निशन बंद ठेवून मला किक मारायला लावली. एका बाजूने फुगे आले! पोरांच्या वाढदिवसाला यावेत तसे. हेड वाकलं होतं. नट एका बाजूने करकचून आणि दुसऱ्या बाजूने जेमतेम आवळलेले. सगळं कॉम्प्रेशन त्या फटीतून हवा खायला बाहेर जात होतं. मिस्त्रींनी काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरला आणि त्यावर हेड इंग्रजी आठचा आकडा काढत घासलं. पाऊण तासाने सगळीकडे सारखी चमक आली. मग नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. खर्च : पॉलिश पेपर.

आता मला राग येतो तो पैशांसाठी नाही. म्हणजे पैशांसाठीही येतो. पण वडिलांच्या गाडीचा मूळ बोअर खरंच गेला होता, की तेव्हाही हेडच गळत होतं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पुरावा लेथवर खरवडून टाकला. “जुनी गाडी, कधीतरी करायचाच होता,” असं समजूत घालणारे भेटतात. अहो, बोअर म्हणजे दाढी नव्हे, पुन्हा वाढायला! खरवडलेला धातू परत येत नाही, आणि मोठमोठे पिस्टन घालण्यालाही मर्यादा असते. चेतक हे नाव १९७२ साली टू-स्ट्रोक इंजिनावर आलं. आजची चेतक विजेवर चालते, तिला किकच नाही. जुन्यांचे सिलिंडर तरी उगाच कशाला मारायचे?

आधी प्लग घट्ट आहे का, त्याखालचा वॉशर जागेवर आहे का, ते बघावं. मग साबण. मग प्लगच्या जागी गेज लावून, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून, काटा थांबेपर्यंत किका माराव्यात. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर संशय रिंगांवर आणि बोअरवर. नाही चढला तर हेडकडे बघावं. रिंगांचं असलं तरी त्या कित्येकदा झिजलेल्या नसतात, कार्बनने खाचेत चिकटून बसलेल्या असतात. तुटक्या जुन्या रिंगेच्या तुकड्याने खाच खरवडली की सुटतात. सुटी रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजता येते. एवढं करून फट जास्त निघाली, सिलिंडरला ओरखडे दिसले, तर खुशाल बोअर करा. मी स्वतः गाडी ढकलत आणून देईन.

आणि मेकॅनिक लबाडच असतो, असंही मी म्हणत नाही. पिस्टन-रिंगांचं बिल आपण मुकाट्याने देतो. पण तासभर बघून ‘काही बदलायचं नाही’ म्हणणाऱ्याच्या हातावर आपण काय ठेवतो? थँक्यू! मग तो पोट उघडेल नाही तर काय करील?

मिस्त्रींनी किक मारायला सांगितलं. मी सवयीने हलकाच पाय टाकला, तर इंजिनाने असं ढोसलं की गुडघा हनुवटीला लागायचा राहिला. दुसऱ्या किकला गाडी चालू! सौ. धावत बाहेर आली आणि म्हणाली, “पुन्हा जड झाली का? बिघडवलीत ना?”

मी दोनशे रुपये पुढे केले. मिस्त्री हात पुसत थांबले.

“हे कशाचे?” ते म्हणाले, “काही घातलं नाही की मी.”