बारा हजारांचा हिशेब

रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या कोरडवाहू गावात पात्र शेतकरी कुटुंबाच्या खात्यावर सरकारकडून वर्षाला १२,००० रुपये जमा होतात. त्यांतील ६,००० पीएम-किसानचे, डिसेंबर २०१८पासूनचे. उरलेले ६,००० राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे, २०२३पासूनचे. पीएम-किसानचा अठरावा हप्ता तर ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातल्याच पोहरादेवीहून देशभर वितरित झाला.

या रकमेला फुकटचा पैसा म्हणणारा एक वर्ग आहे. त्याच्या मते शेतकरी यामुळे आळशी होतो, कर दुसरेच भरतात आणि आयते घेणाऱ्याला किंमत राहत नाही.

आळसाचा आक्षेप टिकत नाही: ही रक्कम दिवसाला ३३ रुपये पडते. कराचेही तसेच. आयकर भरणारे कुटुंब पीएम-किसानमधून वगळलेलेच आहे आणि कीटकनाशकावरचा १८ टक्के जीएसटी शेतकरी भरतो, तो त्याला परत मिळत नाही.

खरा प्रश्न ‘फुकट’ या आरोपाचा आहे. २०२४-२५साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात विदर्भातल्या बाजारांत भाव बराच काळ चार हजारांच्या आसपास रेंगाळला. तूट ८०० रुपये धरली, तरी पंधरा क्विंटलवर १२,००० रुपये गेले. पंधरा क्विंटल म्हणजे कोरडवाहूतले तीन-चार एकरांचे पीक. वर्षभराचा ‘सन्मान’ तिथेच फिटला. हमीभावाने खरेदी होत होती, हे खरे. पण केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. ती १५ टक्के झाली नोव्हेंबरच्या मध्यात, दिवाळी होऊन गेल्यावर. दुकानदाराची उधारी आणि मजुरी ज्याला सणाआधी चुकवायची होती, त्याने माल आधीच विकला होता. पुढे ३० मे २०२५ रोजी, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. तेल स्वस्त व्हावे म्हणून तेलबियांचा भाव दाबायचा, हा शहरी स्वयंपाकघराला दिलेला अनुदानाचाच प्रकार. त्याला फुकट म्हणताना कोणी दिसत नाही.

हा वाद जुना आहे. २००८च्या कर्जमाफीतही हीच भाषा होती. तेव्हा पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा लावली गेली आणि कोरडवाहू विदर्भातला आठ-दहा एकरवाला ‘मोठा’ ठरला. ओलिताच्या दोन एकरांइतकेही उत्पन्न नसलेल्या माणसाला बागायतदाराच्या मापाने मोजले गेले. पीएम-किसानमध्येही सुरुवातीला तीच मर्यादा होती; २०१९मध्येच ती काढावी लागली.

म्हणून हे अनुदान चालू राहिले पाहिजे. केंद्राचे ६,००० सुरुवातीपासून तेवढेच आहेत. महागाईप्रमाणे ते वाढायला हवेत. शिवाय पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, कसणाऱ्याला नाही. बटईने किंवा ठोक्याने शेत करणारा बियाणे-खतात पैसा घालतो, नुकसान सोसतो आणि हप्ता मात्र जमीनमालकाकडे जातो. ई-पीक पाहणीत पीक नोंदवले जाते. त्याच नोंदीत मालकाच्या हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याचे नाव घेता येईल आणि निदान राज्याचा वाटा त्याच्या खात्यावर टाकता येईल.