«आता बनत नाही» या वाक्यामागचा इतिहास
(धागा)

१/ लाकूड कातण्याचा छंद असलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : «तो पार्ट आता बनत नाही.» लेथ धडधाकट, मोटर उत्तम, पण त्यावर बसणारा चक किंवा फेसप्लेट कंपनीने बंद केलेली. वर सल्ला मिळतो : «जुने झाले, नवे घ्या.» माझे म्हणणे स्पष्ट आहे. यंत्र जुने होत नाही, ते जुने ठरवले जाते. आणि ठरवणारा काळ नसतो, माणूस असतो.

२/ लाकूड कातणे आपल्याला परके नाही. हे काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. रेखीव चेहऱ्याला आपण आजही «कातीव» म्हणतो. पारंपरिक हातलेथ म्हणजे दोन खुंट, दोन लोखंडी टोके आणि दोरी. टोक झिजले की गावचा लोहार दुसरे घडवून देई. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांमागे हीच कातकामाची विद्या आहे. त्या यंत्राला «मॉडेल» नव्हते, म्हणून ते कधी «बंद»ही झाले नाही.

३/ मग अडचण कुठे शिरली? आट्यांत. आधुनिक लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, आटे असतात आणि चक त्यांवर बसतो. दांड्याचा व्यास आणि इंचामागे आट्यांची संख्या, यांतले एक जरी चुकले तरी चक चढत नाही. बळजबरीने अर्धवट चढवलाच, तर फिरता फिरता सुटून अंगावर येतो. ही केवळ गैरसोय नव्हे, जिवाशी गाठ आहे.

४/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतील स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाण मांडले. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचे मांडले. ही दुफळी दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना महाग पडली. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समान आटे मान्य केले.

५/ म्हणजे ज्या प्रश्नावर शंभर वर्षे खपून तोडगा काढला, तोच प्रश्न छंदाच्या लेथवर पुन्हा उभा आहे. इंग्लंडच्या मायफर्ड कंपनीचा एमएल८ घ्या : स्पिंडल १ इंचाचा, इंचाला १२ आटे. आज सर्रास मिळणारे चक १ इंच ८ आट्यांचे किंवा एम३३ मापाचे. व्यास तोच, तरी १२ वर ८ चढत नाही. मूळ कंपनीचा कारभार २०११ मध्ये आटोपला. लेथ मात्र अजून फिरतात.

६/ याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावात सायकलींच्या विक्री-दुरुस्तीने झाला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढे हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचे लेथ बनू लागले. तो कारखाना कधीच बंद पडला, पण त्याचे लेथ वर्कशॉपांत आजही चालतात. का? त्यांची मापे हजारो टर्नरांच्या हातांत उतरली आहेत. कारखाना मेला तरी ज्ञान मेले नाही.

७/ नाशिककरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सातपूर-अंबडमधला मुरलेला टर्नर पिच गेज आणि कॅलिपर लावून अर्ध्या तासात मापे घेतो, सळईच्या तुकड्यातून अडॅप्टर कातून देतो : आतून जुने आटे, बाहेरून नवे. चकाचा खांदा स्पिंडलवर सपाट टेकला पाहिजे, एवढे मात्र बजावून सांगावे; नाहीतर चक डगमगतो.

८/ आणि आपण काय केले? अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये हटवला. अतिक्रमण होते, रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या होत्या. ते नाकारत नाही. पण कायदेशीर पर्यायी जागा न देता असा बाजार उठवणे म्हणजे शहराच्या यांत्रिक दप्तरखान्याला टाळे ठोकणे. कागद जपणाऱ्याला आपण अभिलेखपाल म्हणतो. सुटे भाग जपणाऱ्याला भंगारवाला. हा फरक ज्ञानाचा नाही, प्रतिष्ठेचा आहे.

९/ आक्षेप येईल : «कंपनीने पन्नास वर्षे माल साठवून ठेवायचा का?» मुळीच नाही. साठा मागत नाही, माप मागतो. मॉडेल बंद करताना स्पिंडलचे आटे, टेपर आणि टूल रेस्टच्या दांड्याचा व्यास हे एका कागदावर मावते. तो कागद जाहीर करायला किती खर्च येतो?

१०/ केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने प्रथम चार क्षेत्रे निवडली : शेती अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने. छंदाची व छोट्या कारागिराची यंत्रे त्यांत नाहीत. ती यावीत. उत्पादन थांबले की मापे सार्वजनिक, हा नियम व्हावा.

११/ तोवर एक काम आपल्या हातात आहे. तुमच्याकडे जुना लेथ असेल, तर आजच त्याची मापे घ्या, वहीत लिहा, इथे टाका. व्हिटवर्थनेही काही वेगळे केले नव्हते : आधी इतरांचे स्क्रू गोळा केले, मग मोजले.

(समाप्त)